अपयशाची भीती: मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात पोवई नाक्यापासून पाच मिनिटांवर मी संध्याकाळची अभ्यासिका चालवते. त्याआधी २६ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. अभ्यासिकेत दहावी-बारावीची मुलं बसतात, सीईटी-नीटची बसतात आणि मागच्या बाकांवर पोलीस भरती, एमपीएससी करणारी बसतात. कोरेगाव, मेढा, रहिमतपूर, वडूज अशी कुठून कुठून आलेली असतात. टेबलापाशी येऊन ती गणितं विचारतात. मनातलं मात्र निघताना, दारात चपला घालता घालता विचारतात. पालकांचंही तसंच. फी भरून जिन्यापर्यंत जातात आणि मागे वळतात. ते दारातले प्रश्न इथे एकत्र केलेत. मुलांच्या प्रश्नांना 'तू' म्हणून उत्तर दिलंय, पालकांना 'तुम्ही' म्हणून.

भीती तर सगळ्यांनाच वाटते. मग यात एवढं विशेष काय?

परीक्षा तोंडावर आली की पोटात कालवणारच. ती धाकधूक कामाची असते, तिच्यामुळे माणूस पहाटे उठतो. यर्किस आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले होते. थोड्या ताणाने काम सुधारतं, एका मर्यादेपुढे बिघडतं आणि काम जितकं अवघड तितकी ती मर्यादा लवकर येते, असं त्यातून पुढे आलं. दहावीच्या वर्गात हे रोज दिसतं. सोपं उदाहरण मुलं घाबरत घाबरतही सोडवतात, पण प्रमेय सिद्ध करताना अडतात.

मी लिहितेय ती भीती याच्या पलीकडची. ती एका मुलीच्या पिशवीत बघितली, तेव्हा मला नीट कळली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी जावळीतल्या एका खेड्यातली, इथे मावशीकडे राहून सीईटीची तयारी करत होती. रोज पाच-पाच तास बसायची. एकदा म्हटलं, आतापर्यंत सोडवलेले पेपर आण, बघू कुठे अडतंय. तिने अकरा पेपर काढून ठेवले. तारखा घातलेले, वेळ लिहिलेली, सगळे पूर्ण सोडवलेले. एकाही पेपरवर लाल शाईचा टिपका नव्हता. प्रश्नसंचाच्या शेवटी उत्तरांची पानं असतात. ती पानं तिने तिन्ही बाजूंनी स्टेपलरच्या पिना मारून बंद केली होती. म्हणाली, "मॅडम, मार्क कळले तर पुढचा पेपर सोडवायचं धाडस होणार नाही."

कष्टाला ती मुळीच घाबरत नव्हती, तिची भीती त्या आकड्याची होती. आकडा झाकला तशी चूकही झाकली गेली. मी बसून तीन पेपर तपासले तर एकच चूक तिन्हीकडे. उरलेल्या आठांतही तीच निघाली. भीतीने नुकसान होतं ते नेमकं इथे, परीक्षेच्या हॉलमध्ये जायच्या कितीतरी आधी. जिथे चूक फुकटात कळली असती, तिथे ही भीती आपल्याला जाऊच देत नाही.

मुलगा हुशार आहे हो, फक्त अभ्यासाला बसत नाही. आळशी झालाय का?

असेलही. पण आळशी मुलगा अभ्यास टाळून निवांत झोपतो. तुमचा मुलगा टाळतो आणि रात्री दोनपर्यंत कूस बदलत राहतो, हे तुम्हीच मला सांगितलंत. त्याला आळस म्हणवत नाही.

"हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही" हे वाक्य घराघरांत मायेने बोललं जातं. मुलाच्या बाजूने ऐकून बघा. अभ्यास केला नाही तर तो हुशारच राहतो, कारण 'केला असता तर पडलेच असते मार्क'. अभ्यास करून कमी पडले तर ती हुशारीच गेली. मग तो कशाला बसेल? बसण्यात धोका आहे आणि न बसण्यात अब्रू शाबूत आहे. बर्गलास आणि जोन्स यांनी १९७८ साली यावर प्रयोग केला होता. आपलं यश खरं की योगायोगाचं याची ज्यांना खात्री नव्हती, त्यांच्यातले बरेच जण पुढच्या चाचणीआधी कामगिरी बिघडवणारं औषध स्वतःहून निवडायला तयार झाले. म्हणजे अपयश आलंच तर खापर फोडायला काहीतरी हाताशी हवं. आपल्याकडे त्या औषधाच्या जागी आदल्या रात्रीचा मोबाईल असतो, गणपतीच्या मंडळाचं काम असतं, अचानक दुखणारं डोकं असतं. मुलगा हे ठरवून करत नाही, म्हणून त्याला ढोंगी म्हणू नका.

'हुशार' हा शब्द महिनाभर घरात वापरू नका, इतकंच मी पालकांना सांगते. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसलं ते बोला. "आज भूमितीची दोन उदाहरणं सोडवलीस, दुसऱ्याला तीनदा बसलास." तीनदा बसण्याला त्या घरात किंमत आहे हे त्याला कळू दे. आणि सुरुवात एवढीशी करा की हरायला जागाच राहणार नाही. वीस मिनिटं आणि एक उदाहरण. उत्तर चुकलं तरी चालेल, पण त्याच बैठकीत तपासायचं.

ध्येय मोठंच ठेवावं ना?

ठेव की. पण एक तपासून बघ. जॉन अॅटकिन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एका सहकाऱ्यासोबत कडी फेकून खुंटीत अडकवण्याचा खेळ लावला होता. किती अंतरावरून फेकायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. ज्यांच्यात जिंकायची ओढ जास्त, त्यांनी मधलं अंतर घेतलं, जमेल न जमेल असं. अपयशाची भीती जास्त असलेल्यांचा मधल्या अंतराकडे ओढा कमी होता. अगदी जवळून फेकलं तर चुकण्याचा प्रश्न नाही, आणि फार लांबून फेकून चुकलं तर कुणी नावं ठेवत नाही.

अभ्यासिकेत मी ही दोन्ही टोकं बघते. एक जण अकरावीतही नववीची सोपी उदाहरणंच परत परत सोडवतो. दुसऱ्याची बीजगणिताची बोंब आहे, पण टेबलावर आयआयटीच्या प्रवेश परीक्षेची जाडजूड पुस्तकं. दोघांचं दुखणं एकच आहे. दहातली सहा येतात आणि चार चुकतात, असा प्रश्नसंच तुझा. तिथे बस.

आधी सगळं पक्कं वाचून घेते, मग पेपर सोडवते. बरोबर ना?

नाही, पोरी. हे मी सगळ्यांत जास्त वेळा सांगते आणि सगळ्यांत कमी ऐकलं जातं.

वाचून झालं की आलं असं वाटतं. पानावरची ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीचं म्हणजे पाठ असा डोक्याचा गैरसमज होतो. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींना तो उतारा पुन्हा वाचायला सांगितला, काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

आठवून लिहिताना अडतं, चुकतं आणि आपण किती कोरे आहोत ते समोर येतं. भीती असलेल्या मुलाला ते सोसत नाही, म्हणून तो पुन्हा पुस्तक उघडून वाचत बसतो. वाचण्यात सुख असतं. धडा संपला की पुस्तक मिटायचं, कोऱ्या पानावर जे आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भरायचं. पहिल्या आठवड्यात पान लालच दिसतं. दिसू दे.

दुसरं काम चुकांच्या वहीचं. ही मी प्रत्येकाला ठेवायला लावते आणि ती सुंदर ठेवायची नाही असं बजावते. चुकलेलं उदाहरण जसंच्या तसं उतरवायचं, खाडाखोडीसकट. खाली एका ओळीत नेमकं कुठे घसरलं ते लिहायचं. 'सिली मिस्टेक' असं लिहिलेलं मला चालत नाही, त्यातून काहीच कळत नाही. त्या जावळीच्या मुलीची अकरा पेपरांतली चूक अशी होती: कंसाबाहेर उणे चिन्ह असताना कंस सोडवला की ती पहिल्याच पदाचं चिन्ह बदलायची, दुसरं तसंच ठेवायची. उणे, कंसात क्ष उणे तीन. याचं ती उणे क्ष उणे तीन करायची, व्हायला हवं उणे क्ष अधिक तीन. रीत सगळी बरोबर आणि उत्तर चुकीचं. वहीत तिने लिहिलं, "उणे कंसातल्या प्रत्येकाला भेटतो." हे तिचं तिने शोधलेलं वाक्य. त्यानंतर ती चूक तिच्याकडून कधी झाल्याचं मला आठवत नाही.

ती वही दर रविवारी वाचायची. दोनदा बरोबर आलेलं उदाहरण एका रेघेने खोडायचं. खोडलेली पानं वाढताना दिसली की मुलांचे चेहरे बदलतात, हे मी स्वतः बघितलंय.

पेपर हातात पडला की डोकं ब्लँक होतं. काय करू?

केलेला अभ्यास आठवणींतून पुसलं गेलेला नसतो. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं. अॅड्रेनलिन सुटतं, छातीत धडधडतं, तळहाताला घाम येतो आणि श्वास वरवर होतो. काळजीच्या विचारांनी डोक्यातली कामाची जागा अडवून ठेवलेली असते, म्हणून सूत्र समोर येत नाही. दोन मिनिटांत ती जागा मोकळी होऊ शकते.

पेन खाली ठेव. पाय जमिनीला टेकव. श्वास नाकाने घे आणि घेतलास त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहा, असं सहा-सात वेळा. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती खाली येते. मग पहिला प्रश्न सोडून दे आणि पेपरात तुला येणारा एक प्रश्न शोध, एका गुणाचा का असेना. तो लिही. हात चालायला लागला की बाकीचं येतं. पण ही सवय घरी पेपर सोडवताना करायची. हॉलमध्ये पहिल्यांदा करशील तर श्वास मोजायचाही ताण येईल.

आणखी एक. रामिरेझ आणि बेलॉक यांनी २०११ साली परीक्षेआधी दहा मिनिटं विद्यार्थ्यांना मनातली काळजी कागदावर लिहायला लावली. जास्त घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्याने सुधारले. माझ्याकडे पूर्वपरीक्षेच्या दिवशी मुलं लिहितात. कागद मी वाचत नाही, कुणीच वाचत नाही. तो फाडून टाकायचा आणि जायचं. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये चुकीला एक गुण जातो. हे घरूनच डोक्यात ठेवून जा, म्हणजे अंदाजाने उत्तर द्यायचं की सोडायचं याचा घोळ ऐनवेळी होत नाही.

बाबांनी ऊसबिलाचे सगळे पैसे माझ्या क्लासला घातलेत. मी नापास झाले तर?

या प्रश्नाला "काळजी करू नकोस" असं उत्तर देणं मला पटत नाही. पैसेवाल्या घरातल्या मुलाला एक वर्ष वाया गेलेलं परवडतं, तुझ्या घरात ते जड आहे. तुझी भीती खोटी नाही.

पण न बोललेली भीती फुगत जाते. बाबांसोबत एकदा कागद घेऊन बस. पुढच्या वर्षाला किती लागतील, नाही जमलं तर दुसरा रस्ता कोणता, तो कुठल्या तारखेला ठरवायचा. एक आकडा आणि एक तारीख. बहुतेक बापांनी हा हिशेब मनात कधीच करून ठेवलेला असतो. माझ्यासमोर झालेल्या अशा एका बैठकीत मुलगी रडली आणि बाप म्हणाला, "तू म्हणून घातले, मार्कांवर नाही घातले." हे आधी बोलले असते, तर पोर दोन महिने बरी झोपली असती.

आणि तू साताऱ्यात आहेस. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालवलं, १९४७ साली इथेच कॉलेज सुरू केलं. पैसे नसलेल्या पोरांनी काम करून शिकावं हीच त्यामागची रीत. 'कमवा आणि शिका' आजही कॉलेजांत आहे. ग्रंथालयात, बागेत, ऑफिसात तासांवर काम मिळतं. प्रवेश घेताना चौकशी कर, लाजू नकोस.

समजा, खरंच नापास झालो. पुढे काय?

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. दहावी आणि बारावी दोन्हींची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीला होते. गुण अनपेक्षित कमी वाटले तर गुणपडताळणी करता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. फॉर्मच्या मुदती कमी दिवसांच्या असतात, म्हणून निकालाच्या दिवशी रडून झालं की संध्याकाळी शाळेत जा. पास झालास पण गुण कमी आहेत, तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. दहावीनंतर डिप्लोमा केलास तर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि आयटीआयच्या चांगल्या ट्रेडला कारखान्यांत मागणी असते.

हा परिच्छेद परीक्षेच्या आधी वाचायचा असतो. मागे रस्ता आहे हे माहीत असलेला मुलगा पेपर जास्त शांतपणे लिहितो.

मोठ्या माणसांच्या अपयशाच्या गोष्टी सांगून काय उपयोग? ते पुढे जिंकले म्हणूनच सांगतात ना?

बारावीतल्या मुलाने विचारलेला हा प्रश्न मला फार आवडला. खरंय. हरून हरलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून त्या गोष्टींतून धीर घेऊ नकोस. दोन प्रयत्नांच्या मधे काय झालं, ते बघ.

कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. लाल मातीत वाढलेला पैलवान तिथे मॅटवर उभा राहिला. मातीत पाय रुततो, मॅटवर पकड वेगळी, नियम वेगळे, गुण मोजायची पद्धत वेगळी. सहावे आले. घरी परतल्यावर लोकांनी कौतुकच केलं असतं आणि तिथे थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी पुढची चार वर्षं सराव चालू ठेवला. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. तिथे त्यांनी बँटमवेट गटात ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. लंडनमधली हार त्यांच्यासाठी माहिती होती: काय येत नाही याची.

शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना घे. २०१७ च्या विश्वचषकात पहिल्या दोन सामन्यांत ९० आणि नाबाद १०६. पुढच्या सात डावांत मिळून ३६ धावा, त्यात लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात शून्य. भारत ९ धावांनी हरला. त्यानंतर ती आठ वर्षं खेळत राहिली आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या संघात सलामीला होती. या आठ वर्षांत ती किती वेळा लवकर बाद झाली असेल, मोज.

तालमीतल्या पोरांना हे समजवावं लागत नाही. वस्ताद थोराड पैलवानाशी जोड लावतो तेव्हा पडायचंच असतं. कुठल्या डावावर पडलो तेवढं लक्षात ठेवायचं. वर्गात मात्र आपण पडलेल्याला उभं करून सगळ्यांसमोर गुण वाचतो. मीही बरीच वर्षं वाचले. त्याचं मला आज वाईट वाटतं.

तिसऱ्यांदा पोलीस भरतीला उतरतोय. किती वेळा प्रयत्न करायचा? आता सोडलं तर घाबरून सोडलं असं होईल ना?

सोडणं आणि घाबरणं वेगळं आहे. आकड्यांवर बघू या. मैदानी चाचणीचे ५० आणि लेखीचे १००. पहिल्या वर्षी १६०० मीटरला किती वेळ लागला, गोळा किती पडला, लेखीत किती मिळाले? दुसऱ्या वर्षी? तू मला वेळा सांगितल्यास तेव्हा धावण्यात दर वर्षी सुधारणा होती. लेखी दोन्ही वर्षी जवळपास तेवढीच होती. म्हणजे यवतेश्वरच्या घाटात रोज पहाटे पळून तू जे पक्कं आहे तेच आणखी पक्कं करत होतास. लेखीचा सराव नकोसा वाटतो कारण तिथे तू हरतोस. भीती इथे आहे, बाळा. भरती सोडायची का हा प्रश्न लेखीला सहा महिने दिल्यावर विचार.

निवडीला लागणारे गुण आणि तुझे गुण यांतली दरी दर वर्षी कमी होत असेल, वय बसत असेल आणि पोटापाण्याला आधार असेल, तर आणखी एक प्रयत्न करावा. दोन वर्षं दरी तेवढीच राहिली, रीत बदलूनही तेवढीच राहिली, तर वळावं. एमपीएससीवाल्यांनाही मी हेच सांगते, आणि हेही की दुसरी नोकरी धरून तयारी करण्यात काही कमीपणा नाही. तारीख प्रयत्नाच्या आधी लिहून ठेव. निकालाच्या रात्री ठरवू नकोस, त्या रात्रीचा कुठलाच निर्णय खरा नसतो.

लोक काय म्हणतील?

चार दिवस म्हणतात. पाचव्या दिवशी त्यांच्या घरात काहीतरी निघतं.

आम्ही पालकांनी काय बोलावं?

बोलण्याआधी एक माझं सांगते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझा गणिताचा एक पेपर राहिला. घरी सांगितलं नाही. गुणपत्रिका ट्रंकेत, आईच्या जुन्या नऊवारीच्या घडीत ठेवली. सहा महिने घरात वडिलांचा आवाज आला की पोटात गोळा यायचा. तो पेपर पास झाल्यावर रडत सांगितलं, तर वडील म्हणाले, "मला माहीत होतं. तू सांगशील म्हणून थांबलो." त्यांच्या मनात माया होती, मी कधी नाकारणार नाही. पण त्यांनी सहा महिने आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही विचारा.

विचारताना आकड्यापासून सुरुवात करू नका. "किती पडले?" ऐवजी "कुठला प्रश्न अडला?" विचारा. उत्तर येतं. शेजारच्या मुलाचं नाव काढू नका, भावाचंही नाही. "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो" हे वाक्य खरं असतं, म्हणूनच ते फार लागतं. मूल ते कर्जासारखं ऐकतं. आणि निकालाच्या दिवशी कंदी पेढे आणणार असाल तर सकाळीच आणून ठेवा, टक्के कळायच्या आधी. वर्षभर अभ्यास केला त्याचे म्हणून. एका आईने हे खरंच केलं होतं. मुलीला अपेक्षेपेक्षा अकरा टक्के कमी पडले आणि पेढे खाल्ले गेले.

तुमच्या चुका मुलांना कळू द्या. द्राक्षाची बाग फसली, दुकानात तोटा आला, हे त्यांच्यापासून लपवतो आपण. मग मुलांना वाटतं, या घरात आपणच पहिले हरलेले.

ही नेहमीची भीती नाही, असं कधी समजायचं?

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा जेवण बिघडलं असेल, मूल कुणाशी बोलत नसेल, आवडती गोष्ट सोडली असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं म्हणत असेल, तर अभ्यासाची वेळापत्रकं बाजूला ठेवा. जीव द्यावासा वाटतो का, असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे. विचारल्याने मूल मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस मोफत चालते, मराठीत बोलता येतं. स्वतः मुलानेही फोन केला तरी चालतो. तू हे वाचत असशील आणि तुला तसं वाटत असेल, तर आत्ता फोन कर. अभ्यासिका, गुण, पेपर हे सगळं नंतर.

त्या पिना मारलेल्या पानांच्या मुलीचं पुढे काय झालं?

मुलं हे हमखास विचारतात. त्या दिवशी बाकीचे पेपर तपासायला ती तयार नव्हती. मीही जबरदस्ती केली नाही. म्हटलं, मी तपासते, तुला आकडा सांगत नाही, फक्त चुका सांगते. आठवडाभर तसंच चाललं. मग एका संध्याकाळी ती टेबलापाशी आली आणि प्रश्नसंच पुढे ठेवून पिना काढायला लागली, नखाने, एकेक. एक पीन वाकडी होऊन बोटात रुतली तेव्हा कपाटातली कैची आणून दिली. बारावा पेपर तिने स्वतः तपासला. आकडा कमीच होता. तिने तो वहीवर मोठ्या अक्षरात लिहिला आणि दहा मिनिटं नुसती बसली. मग तेरावा काढला.

हवी होती ती ब्रांच तिला मिळाली नाही. दुसरी मिळाली, पुण्यात. दिवाळीत येते. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला, तेव्हा निकाल लागला त्याच संध्याकाळी तिने घरी फोन केला, असं मावशी सांगत होती. तो प्रश्नसंच ती अभ्यासिकेला देऊन गेली. कपाटात दुसऱ्या फळीवर आहे, शेवटच्या पानांना कडेने बारीक भोकं आहेत.